तांबडीचा पाय

कोंबडी पाळणारा माणूस आणि कोंबडी खाणारा माणूस ही दोन निराळी माणसं असतात, असा माझा बरीच वर्षं समज होता. रेल्वेतून निवृत्त होऊन नांदगावच्या घरामागच्या परसात मी कोंबड्या पाळायला लागलो, तेव्हा कळलं की ही दोन्ही माणसं एकाच बंडीत राहतात आणि त्यांचं आपापसांत फारसं बरं नसतं.

निवृत्त माणसानं काहीतरी छंद धरावा, असं सगळेच सांगतात. त्या छंदाचा ताप घरात कुणी सोसावा, हे मात्र कुणी सांगत नाही. बागेचा विचार मी केला होता. पण नांदगाव म्हणजे पावसानं कायम उधारीवर ठेवलेला तालुका. इथे गुलाब फुलवायचा म्हणजे घरातल्या बायकांशी हंड्यावरून लढाई. कोंबडीला पाणी वाटीभर लागतं, दाणे मूठभर, आणि उरलेलं पोट ती उकिरड्यावर स्वतःच्या कर्तबगारीनं भरते. शिवाय निवृत्त माणसाला पहाटे उठायला काही कारण उरलेलं नसतं; ते कोंबडा पुरवतो.

पाळायच्या तर जातिवंत गावरानच पाळायच्या, हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं. पिंजऱ्यातली पांढरी संकरित कोंबडी वर्षाला तीनशेच्या घरात अंडी घालते, पण एकही उबवत नाही. रवणीला बसण्याची हौसच माणसानं तिच्या रक्तातून काढून टाकली आहे. गावरान कोंबडी वर्षाकाठी पन्नास-साठ अंडी देते, प्रत्येक अंड्याची आळीभर दवंडी पिटते, आणि मनात आलं की खुडूक होऊन एकवीस दिवस अंड्यांवर ठाण मांडते. त्या एकवीस दिवसांत प्रत्यक्ष पंतप्रधानांचं बोलावणं आलं तरी ती उठायची नाही. ही बाणेदार वृत्ती मला नोकरीत कधी साधली नव्हती. म्हणून ती विकत घ्यायचं ठरवलं.

आठवडे बाजारातून आणि आसपासच्या वस्त्यांवरून निवडून निवडून सहा कोंबड्या आणि एक कोंबडा आणला. एका जाणत्या गृहस्थानं सांगितलं होतं, "पिवळ्या पायांची बघून घ्या. तीच अस्सल." पुढे वाचनात आलं की कोंबडीचा मूळपुरुष तांबडा रानकोंबडा हे खरं, पण पायाचा पिवळा रंग तिला आपल्या दक्षिण भारतातल्या राखी रानकोंबड्याकडून आला आहे. २००८ साली शास्त्रज्ञांनी जनुकं तपासून तसा निकाल दिला. म्हणजे ज्या पायावरून अस्सलपणा ओळखायचा, तोच पाय आंतरजातीय विवाहाचा पुरावा! ही गोष्ट मी अजून कोंबड्यांना सांगितलेली नाही. विशेषतः कोंबड्याला. त्याचं नाव फौजदार, आणि त्याला कुळाचा फार अभिमान.

पस्तीस वर्षं मालधक्क्यावर कारकुनी केल्यामुळे वहीत नोंद झाल्याशिवाय मला कुठलीच गोष्ट खरी वाटत नाही. तेव्हा पैदाशीची वही घातली. कोणत्या कोंबडीचं अंडं, कोणत्या तारखेला रवणीला ठेवलं, पिलं किती, रंग कोणता, सगळे रकाने आखले. पहिल्या पानावर तांबड्या शाईनं नियम लिहिला : 'व्यंग असलेला पक्षी पैदाशीत ठेवायचा नाही.' लिहिताना फार शास्त्रीय वाटलं होतं.

पहिला तडाखा मानमोडीचा बसला. पुस्तकात या रोगाला रानीखेत म्हणतात. १९२६ साली तो इंग्लंडात न्यूकॅसलला आणि जावा बेटावर ओळखला गेला, आणि पाठोपाठ आपल्याकडे रानीखेतला. मोठमोठ्या गावांनी आपली नावं त्याला दिली, पण कोंबडी मान पिळवटून फिरायला लागते तेव्हा मानमोडी हाच शब्द खरा वाटतो. यावर लस आहे आणि ती स्वस्तही आहे. अडचण अशी की बाटली शंभर मात्रांची, आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवायची. माझ्याकडे पिलंबिलं धरून पक्षी बावीस. उरलेल्या अठ्ठ्याहत्तर मात्रा फुकट जातील, या काटकसरीनं मी लस टाळली आणि आठ दिवसांत सतरा पक्षी घालवले. मध्यमवर्गीय हिशेब तो हाच. आता मी थर्मासात बर्फ घालून लस आणतो, आळीतल्या यच्चयावत कोंबड्या गोळा करतो आणि एकेकीच्या डोळ्यात थेंब सोडतो. त्या दिवशी माझ्या अंगणात जी गर्दी होते, ती माझ्या निरोपसमारंभालाही झाली नव्हती.

मेलेली सतरा मी खोल खड्डा खणून पुरली. त्या रात्री जेवण गेलं नाही. पुढच्या रविवारी बाजारातून कोंबडी आणून खाल्ली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही मीच केल्या. म्हणून तर म्हणतो, एका बंडीत दोन माणसं.

मानमोडीतून जी पाच वाचली, त्यांत फौजदार, रूपानं सगळ्यांत देखणी अशी ठिपक्यांची कवडी, आणि तांबडी होती. नावं आमच्या हिनं ठेवली. मी म्हटलं, "नाव ठेवू नकोस. नाव ठेवलं की सुरी बोथट होते." ती म्हणाली, "मग सुरी चांगली आणा."

दुसरा तडाखा पावसाळ्याच्या तोंडावर एका रात्री बसला. दिवे गेलेले. खुराड्यात एकदम कालवा उठला. मी काठी घेऊन धावलो आणि अंधारात जे हललं त्यावर जोरात हाणली. बोका भिंतीवरून उडी मारून गेला. सकाळी पाहतो तो तांबडीच्या पाठीवरची पिसं उपटलेली, कातडी फाटलेली, आणि डाव्या पायाची नळी मोडलेली. पाठीचं काम बोक्याचं. पाय माझा, म्हणजे मी मोडलेला. "यापेक्षा बोका परवडला," एवढंच बोलून ही आत गेली.

तांबडीला पिशवीत घातली, मान बाहेर ठेवली आणि जनावरांच्या दवाखान्यात नेली. तिथे आमच्या पुढे एक म्हैस आणि एक बैल होता. म्हशीवाल्यानं विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "पाय मोडला." तो माझ्या पायांकडे बघत राहिला. डॉक्टर भला माणूस. तांबडी हातात घेताना त्यांनी सवयीनं तिचं वजन जोखलं. दीड किलोचा भाव आणि औषधपाण्याचा खर्च यांची वजाबाकी त्यांच्या कपाळावर मला स्पष्ट दिसली, पण ते काही बोलले नाहीत. कापूस गुंडाळून दोन्ही बाजूंनी कामट्या लावल्या, पट्टी बांधली, पाठीला जांभळं औषध फासलं. "तीन आठवडे वेगळी ठेवा," ते म्हणाले. "आणि औषध रोज लावा. जखम भरायला तर हवंच, पण लाल रंग झाकायलाही हवं. लाल दिसलं की बाकीच्या टोचून टोचून मारतील."

मला ते खरं वाटलं नाही. ज्या चौघांबरोबर तांबडीनं मानमोडी काढली, तेच तिला मारतील? दुसऱ्या दिवशी प्रयोग म्हणून पाच मिनिटं तिला त्यांच्यात सोडली. पहिली चोच कवडीनं मारली. नेमकी जखमेवर. मग दुसरीनं, मग फौजदारानं. कुणाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. जशी ज्वारी टिपावी तशी ती जखम टिपत होती.

कोंबड्यांच्या राज्यात कुणी कुणाला टोचायचं याची उतरंड ठरलेली असते. नॉर्वेतल्या थोरलीफ श्येल्डरुप-एब्ब नावाच्या माणसानं लहानपणापासून कोंबड्यांकडे टक लावून बसून ती हुडकली आणि १९२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत जगापुढे मांडली. आपण कचेरीत पस्तीस वर्षं काढून जे शिकतो, ते त्यानं अंगणात बसून शिकून घेतलं. वरची खालचीला टोचते, खालची तिच्या खालचीला. आणि जी जखमी होते ती एका रात्रीत तळाला जाते. काल ती कितवी होती, हे कुणी विचारत नाही.

मी तांबडीला डालग्याखाली ठेवली, पण सगळ्यांच्या नजरेसमोर. पार नजरेआड केली तर पुन्हा परकी ठरते म्हणतात. तीन आठवडे दोन्ही बाजू एकमेकींकडे डालग्याच्या भोकांतून बघत राहिल्या. मग एका रात्री, सगळ्या दांडीवर पेंगत असताना, हळूच तिला मधे नेऊन बसवली. सकाळी उठून त्यांनी तिच्याकडे पाहिलं, विचार केला आणि सोडून दिलं. कोंबडीला झोपेत समाजसुधारणा पटते. जागेपणी नाही.

पाय जुळला, पण वाकडा जुळला. तांबडी लंगडी झाली.

आम्ही चार निवृत्त मंडळी संध्याकाळी स्टेशनाकडे फिरायला जातो आणि बाकावर बसतो. तिथे हा विषय निघाला. आमच्यातला निवृत्त गार्ड म्हणाला, "मालबाबू, उगाच पाल्हाळ लावलंत. कापून टाकायची." मी म्हटलं, खाटकाला विचारलं होतं, लंगडी म्हणून तो निम्मा भाव सांगतो.

"निम्मा का? वजन कमी झालं?"

"नाही."

"मग? लंगड्या कोंबडीचा रस्सा लंगडतो की काय?"

सगळे हसले. मग मास्तर म्हणाले, "किंमत उतरायला दोष लागतोच असं नाही. आपल्या या स्टेशनाचंच बघा." आणि त्यांनी आम्हाला, पन्नासाव्यांदा, सांगितलं की एकोणिसाव्या शतकात वेरूळची लेणी बघायला निघालेले साहेबलोक इथे, याच नांदगावला उतरत आणि इथून पुढे टांगे-बैलगाड्या करत. मग १९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबादेकडे रेल्वे गेली आणि साहेब तिकडून जायला लागले. "नांदगावचं काय चुकलं? लेणी हलली? रस्ता खचला? काही नाही. तरी उतारू गेले ते गेले."

आमच्या बाकावर एक शेठजी असतात. जैन असल्यामुळे कोंबडीच्या विषयात ते सहसा तोंड घालत नाहीत. त्या दिवशी ते बोलले. राजा यशोधराची कथा त्यांनी सांगितली. सोमदेवसूरींनी ती ९५९ साली 'यशस्तिलक' या ग्रंथात मोठ्या विस्तारानं लिहिली आहे. राजाच्या आईनं देवीला बळी द्यायचा हट्ट धरला. राजा हिंसा करायला तयार नाही. तोड निघाली, पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी द्यायचा. दिला. आणि त्या पिठाच्या कोंबड्यापायी मायलेकांना जन्मोजन्म पशुपक्ष्यांच्या योनीत हाल भोगावे लागले. "कोंबडा पिठाचा होता," शेठजी म्हणाले, "पण मनातली सुरी खरी होती."

मी विचारलं, "मग शेठजी, खऱ्या कोंबडीला खरी पट्टी बांधली, पण मनात रस्सा आहे, तर त्याचं काय?"

शेठजींनी क्षणभर विचार केला. "पट्टी जमेला धरा. रस्सा होईल तेव्हा नावे टाकू."

याहून चोख हिशेब मला आजवर कुणी करून दिलेला नाही. जिला उद्या खायची तिच्यावर आज दया करणं हे ढोंग, असं म्हणणारे खूप भेटतात. मला वाटतं, ढोंग ते नव्हे. उद्या खायची म्हणून आज तडफडू दिली, तर तो खरा हिशेबातला घोळ. उद्याचं नावे आजच टाकून मोकळं होण्यासारखा.

पण माझी खरी अडचण वहीची होती. पहिल्या पानावरचा तांबड्या शाईतला नियम. तांबडीला आता व्यंग होतं. तिचं नाव खोडायला मी पेन उघडलं आणि एकदम मालधक्का आठवला.

रेल्वेत माल फुटका निघाला की कारकुनाला एकच गोष्ट ठरवायची असते : माल मुळातच तसा होता, की वाटेत तसा झाला? मुळातला दोष असेल तर रेल्वे भरपाई देत नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्यातही ते आहे. वाटेत फुटला असेल तर जबाबदारी आपली. या एका प्रश्नावर मी पस्तीस वर्षं पगार घेतला. आणि तांबडीचा पाय वाटेत मोडला होता. तोही माझ्या काठीनं. तिच्या अंड्यांचा त्याच्याशी काय संबंध? जर्मनीत ऑगस्ट वाइसमान नावाच्या शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उंदरांची शेपटं पिढ्यान्‌पिढ्या कापून पाहिली. प्रत्येक नवं पिल्लू आपली शेपटी साबूत घेऊन जन्माला आलं. जखम वारशानं जात नाही.

पेन मिटलं. तेव्हा मला, का कोण जाणे, अक्का आठवली. का कोण जाणे असं मी म्हणतो, पण खरं तर मला माहीत आहे.

अक्का माझी थोरली बहीण. लहानपणी चुलीवरचं आधण डाव्या हातावर सांडलं आणि मनगटापासून कोपरापर्यंत पांढुरका डाग राहिला. लग्नाची झाली तेव्हा बघायला मंडळी येत. पोहे खात. मग मुलाचे वडील चष्मा पुसत विचारत, "हे... कोड तर नाही ना?" आमचे वडील सांगत, भाजल्याचं आहे. "ते खरं हो," मंडळी म्हणत, आणि आठ दिवसांनी पत्रिका जुळत नसल्याचं कार्ड येई. पाचव्या की सहाव्या वेळी, पाहुणे यायच्या आधी, मी अक्काला म्हणालो, "पदर जरा डाव्या हातावरून घे ना." मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो आणि स्वतःला पुरोगामी समजत होतो. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पदर घेतला. बस्स, एवढंच झालं.

पुढे अक्काचं चांगलं झालं. उशिरा लग्न झालं, संसार छान झाला, तीन मुलं झाली. तिघांपैकी एकाच्याही हातावर भाजल्याचा डाग नाही. वाइसमानसाहेबांनी उगाच उंदरांना त्रास दिला. आमच्याकडे आले असते तर पोहे खाऊन काम झालं असतं.

तांबडी श्रावणात खुडूक झाली. लंगडीला फार हिंडता येत नाही म्हणून म्हणा किंवा स्वभावानं म्हणा, तिच्याइतकी चिवट रवण परसात कुणाची झाली नव्हती. तिच्याखाली अकरा अंडी ठेवली, काही तिची, काही कवडीची, प्रत्येकावर पेन्सिलीची खूण. नऊ फुटली. आणि त्याच आठवड्यात अक्का चार दिवस राहायला आली.

मी तिला परसात नेऊन सगळं दाखवलं. तांबडीची पिलं सरळ दोन पायांवर दुडदुडत होती. मी वाइसमान सांगितला, मालधक्का सांगितला, दोष वेगळा आणि जखम वेगळी, हे माझं नवं तत्त्वज्ञान सविस्तर सांगितलं. अक्का ऐकत होती. मग तिनं बोट दाखवलं. "आणि ते रे?"

नववं पिल्लू. त्याची वरची चोच एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला, कात्रीसारखी. खूण पाहिली होती. ते कवडीचं होतं. देखणी कवडी आणि कुलीन फौजदार, वहीतली सर्वांत उत्तम जोडी.

"ते जन्मतःच तसं आहे," मी म्हणालो. "मुळातला दोष. ते नाही ठेवता येत."

अक्का थोडा वेळ काही बोलली नाही. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आणि माझ्या हाताला खरंच कोड असतं, तर?"

पस्तीस वर्षं मी हजारो दावे निकालात काढले. या दाव्यावर माझ्याकडे शेरा नव्हता. पदराचं तिच्या लक्षात असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. ज्याला जखम झाली त्याच्या लक्षात राहतंच. विसरतो तो काठीवाला.

त्या रात्री मी वही घेऊन बसलो. दोष आणि जखम यांतला फरक खरा आहे. पैदास करायची तर तो पाहिलाच पाहिजे. कात्रीचोचीची पुढची पिढी जन्माला घालून तिचे हाल करण्यात दया नाही. पण तो फरक पैदाशीपुरता. दाणे टाकताना त्याचा काय संबंध? लंगडीची चूक नव्हती म्हणून तिला जगू द्यायचं, असं मी म्हणत होतो. मग त्या पिलाची तरी काय चूक होती? ते काही अंड्यात बसून चोच वाकडी करत नव्हतं. ज्याची चूक नाही त्यालाच वाटीत जागा, असा नियम केला तर परसात प्रत्येकाला आधी निर्दोष सुटावं लागेल. आणि त्या कोर्टात काठी मारणारा न्यायाधीश म्हणून बसलेला!

आता कुणी विचारेल, मग आम्ही कोंबडी खायची सोडली का? नाही. जास्तीचे नर आम्ही खातो, आणि शेठजी ते नावे टाकतात. सगळेच हिशेब जुळवण्याइतका मी मोठा माणूस नाही. पण एवढं झालं की परसात कुणाचा नंबर लवकर लागायचा, हे पाय किंवा चोच बघून ठरत नाही.

कात्रीचोचीला जमिनीवरचे दाणे टिपता येत नाहीत. भरडा भिजवून खोल वाटीत घातला की तोंड बुडवून मजेत खातो. ही युक्ती अक्कानं काढली. जाताना तिनं त्याचं नावही ठेवून दिलं : शिंपी. मी कपाळाला हात लावला.

पहिल्या पानावरचा तांबडा नियम मी खोडलेला नाही. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना तेवढा आखला. त्यात शिंप्याची नोंद अशी आहे : पैदास – नाही. दाणे – रोज.